तोल म्हणजे वजन

आम्ही मूळचे उदगीरकडचे, आजोबा निजामाच्या काळात हैदराबादला आले आणि इथलेच झालो, घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बसमध्ये दखनी. बसमध्येच म्हणायचं, कारण बावीस वर्षं मी सिकंदराबाद-कुकटपल्ली गाडीवर कंडक्टर होते, काय सांगू तुम्हाला, एका हातात मशीन, दुसऱ्यात सुट्टे, धरायला हातच नाही, यादगिरी ड्रायव्हरनं ब्रेक मारला की लोक एकमेकांवर पडायचे आणि मी उभीच, तो म्हणायचा, अक्का, पायांना खिळे ठोकलेत का.

मग किडनीत इन्फेक्शन झालं, दवाखान्यात जेंटामायसिनची इंजेक्शनं सुरू केली. ताप उतरला, पण सहाव्या दिवशी संडासला उठले तर भिंत धरावी लागली. नर्सला म्हटलं, मेरा तोल जारा सिस्टर. आपल्या मराठीत तोल गेला की माणूस पडतो, पण तिच्या बोलीत तोल म्हणजे वजन. तिनं काट्यावर उभं केलं, मी तिचाच खांदा धरून उभी, म्हणाली, वजन तो बराबर है अम्मा, खाना खाओ. कागदावर लिहिलं, वजन घटतंय म्हणते, डॉक्टरांनी तेच वाचलं, टॉनिक दिलं आणि सुई चालूच, अजून आठ दिवस. आठ दिवस हो! शिकलेली माणसं आहेत, मी कशाला दुसरा शब्द शोधू, असं वाटलं मला.

पुढं कानाच्या डॉक्टरांनी तो कागद वाचला तेव्हा उलगडलं. म्हणाले, त्या औषधानं आतला कान गेला, शरीर सावरतं ते तिथंच असतं, ते परत येत नाही. मी विचारलं, तेव्हाच थांबवलं असतं तर? म्हणाले, कदाचित एवढं झालं नसतं.

आता चालले की दुकानांच्या पाट्या उड्या मारतात. डोळे मिटून तोंडावर पाणी घेतलं की पडते. शेजारची लक्ष्मम्मा हसते, सकाळीच कल्लू ढोसलीस का गं म्हणते, कल्लू म्हणजे ताडी. हसू दे. डेपोच्या तपासणीत पाय जुळवून डोळे मिटायला लावले, पडले, अनफिट लिहिलं, संपली नोकरी.

मुलगी कामाला जाताना पाणी उशाशी ठेवते, उठू नकोस म्हणते, मी उठत नाही. त्या नर्सला शिव्याशाप देत नाही, तिच्या लेकराबाळांचं भलं होवो. पण तिला कुणीतरी सांगा हो, कागदावर लिहायच्या आधी बाईला चार पावलं चालवून बघत जा.