वारलेल्या गायिकेचा झगा

दवाखान्यात पाय पसरून मोठमोठ्याने बोलायची काय ही रीत! ऑपेराचा दिग्दर्शक म्हणे. शेजारी कपडेपट सांभाळणारी बाई होती.

"साहेब, झग्याला मी सुई लावलीच नाही. तो वारलेल्या ताईंच्याच मापाचा आहे."

"मग त्यांच्या जागी आलेल्या नव्या पोरीला बसला कसा?"

"तीच बारीक होत चाललीय. काल तर ताईंसारखी लंगडलीसुद्धा."

"छान! आवाजही त्यांचाच लागतोय."

"आत डॉक्टर नाव विचारतायत, तर ही ताईंचं सांगतेय. झगा काढू देत नाही. आजचा खेळ रद्द करा."

"वेड लागलंय का बाई? आज तर ती खरी तयार झाली!"

मला राहवेना. मी म्हटलं, "मेलेलीला परत आणायला दुसऱ्याची लेक पुरतोस होय रे मुडद्या? ऊठ, आधी तो झगा उतरव तिच्या अंगावरून!"