आधी होड्यांचं बोल

दातांच्या दवाखान्यात शाळेच्या मोठ्याबाई ताठ बसल्या होत्या. दुसऱ्यांचे बोलणे ऐकणे त्यांना शिष्टसंमत वाटत नसे. परंतु कान काही मिटता येत नाहीत. शेजारी बसलेल्या बहीणभावाच्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या होत्या; दोन्ही उपग्रहाच्या आधारे वाट दाखवणाऱ्या. दाढेमुळे भावाचा गाल सुजला होता.

“ताई, दुपारच्या बैठकीत विलीनीकरण उरकून टाकू. एकमेकांचे भाव पाडून काय मिळवलं आपण?”

“मी नफ्यात आहे. तोट्यात तू आहेस.”

“गिऱ्हाईक माझ्याकडे चौपट आहे!”

“फुकट वाटलंस तर रांग लागणारच. विलीन होऊ, माझी ना नाही. पण मासेमारीच्या होड्यांची सेवा बंद होणार नाही.”

“त्यात सुटतं काय आपल्याला?”

“फारसं नाही. पण तुझा मोटारवाला चुकला तर रस्त्यात कुणालाही विचारतो. धुक्यात होडीवाल्यानं कुणाला विचारायचं?”

“माझे भागीदार ऐकणार नाहीत.”

“तुझ्या गाडीत कुणाचं यंत्र आहे रे?”

“ते… ड्रायव्हरनं बसवलंय.”

“शहाणा आहे. भागीदारांना आत्ता फोन लाव.”

“दाढ काढून आलो की लावतो.”

“तोंड बधिर झाल्यावर काय बोलणार, कपाळ? आत्ता लाव, नाहीतर मी बैठकीला येत नाही.”

तेवढ्यात आतून भावाला हाक आली. सुटलो एकदाचा, अशा चेहऱ्याने तो उठला. मोठ्याबाई त्याच्याआधी दारात पोहोचल्या.

“मला आधी घ्या,” त्यांनी परिचारिकेला सांगितले. “यांचा फोन व्हायचा आहे.”