सिनेमातलं रडनं

नाई मॅडम, लायब्ररीचं कार्ड चोरलेलं नाई — ताईचंच हाय, फोटो पाहा ना. निशिगंधा उकंडराव, जानेफळ. ओळखलं ना? त्या खिडकीपाशी बसे, डब्यातली अर्धी पोळी तुमाले देल्याशिवाय खाये नाई. मी तिचा भाऊ, गणेश. ताई… ताई गेली, मॅडम. डेंगू झाला होता. तुमाले कोनी सांगतलंच नाई काय? — हाव. हाव, आपली ताईच. बसा तुमी, बसा. मी उभाच बरा हाय.

आता रडू नोका, मले काम सांगा. तिचं ते कालेजचं लिहिनं अर्धं राह्यलं, ते मले पुरं करायचं हाय. हसा, हसा — आमचे किसनकाका बी हसले. सातवीत मास्तरनं कानाखाली देली, म्या दप्तर इहिरीत फेकलं, झालं शिक्षन. आता त्याच इहिरीतल्या मोटारी काढतो अन बसवतो. पन ताई घरी आली का मले समदं सांगे. सिनेमात मानूस मरते, घरचे रडतेत — त्या रडन्यावर पेपरवाले काय लिहितेत अन मोठे अभ्यासवाले काय लिहितेत, हे ती धुंडून राह्यली होती. मी म्हनो, ताई, दोन ओळीचं तं काम हाय — पाहा, नाई तं नोका पाहू — चार चांदन्या देऊन टाक! ती म्हने, अरे गध्या, पेपरातलं परीक्षन सिनेमा पाह्याच्या आधी वाचतेत, अन समीक्षा पाहून झाल्यावर, जे डोक्यातून जाऊनच नाई राह्यलं त्याच्यासाठी. कोन्त्या शुक्रवारी सिनेमा लागला ते आधी पाहाचं, मंग त्याच्या पुढच्या पेपरांचे गठ्ठे सोडाचे — हे तुमीच शिकवलं ना तिले? अन पुस्तकात पानाच्या खाली जे बारीक अक्षर असते, त्याले ती सोयरीक म्हने. एका घरी गेलं का तेच लोक दुसऱ्या घरचा पत्ता देतेत, तिथून तिसरं. बाबा बी तिच्यासाठी असेच फिरून राह्यले होते, गावोगाव — जाऊ द्या ते.

मीच काऊन? आता कसं सांगू तुमाले. दहाव्याले नदीवर पिंडाले कावळा शिवे ना. ऊन डोक्यावर आलं, भात वाळून गेला. बाबा हात जोडून म्हनले, माये, तुह्या मायले मी जपीन. नाई. किसनकाका म्हनले, गणेशचं लगन चांगलं लावून देऊ. म्या म्हटलं, ओ काका, तिले माह्या लग्नाचं काय पडलं हाय! अन मीच वरडलो — ताई, तुहं सिनेमाचं लिहिनं मी पुरं करतो, शपथ! अन मॅडम, आला ना कावळा. सरळ पिंडावर. म्हनून आलो मी. शब्द देला तं देला.

द्या, कोन्तं पुस्तक? तिच्यासाठी अलग ठिवलेलं हाय? हे? तुमी नोका वाचू, मीच वाचतो. 'या… प्रसंगातील… आईचा शोक… अति… अतिरं… अतिरंजित वाटतो.' अतिरंजित म्हंजे? जास्त? जास्त म्हंजे, मॅडम? मंग किती असावा? कोनाच्या घरी जाऊन मोजून आला हा मानूस? माही माय रोज सांजच्याले ताईचं ताट वाढते. मंग ते गाईले नेऊन घालते. अन मंग गाईशीच भांडते — तू काऊन खाल्लं, माही लेक काय खाईन आता! हे लिहा ना! हे लिहा म्हना त्याले!

फाटलं काय पान? नाई, नाई फाटलं. चुकलं माहं, हात आपटला. ताई असती तं म्हनली असती, गन्या, लिहिनाऱ्यावर हात नसते उगाराचा, त्यानं कोनापासून घेतलं ते खाली पाह्य. पाह्यतो ना. हे… हे बारीक अक्षर तं इंग्रजी हाय, मॅडम. समदंच इंग्रजी हाय.

काय म्हनता? राहू देऊ? कावळा शिवला म्हंजे ती सुटली, आता जिवाले तरास नोको करून घेऊ?

कुठी शिवला, मॅडम! बाभळीवर बसून राह्यला. म्या घसा फाटेपर्यंत वरडलो, त्यानं मान वाकडी करून पाह्यलं माह्याकडं, अन गेला उडून. मंग गुरुजीनं दर्भाचा कावळा केला, तो पिंडाले लावला, अन काका म्हनले चला, झालं. काय झालं? समद्यायनं आंघोळी केल्या अन घरी गेले. तिनं माह्या बोलन्यावर भरोसाच नाई ठिवला. ठिवन कशी? तिले मालूम होतं ना, गन्यानं आजलोक कोन्तं काम पुरं केलं ते. नाई, नाई, तुमी लिहून देल्यानं नाई चालत. मी बोललो होतो, तुमी नाई.

हाव, मालूम हाय, बंद कराची वेळ झाली. लावा कुलूप बाहेरून. हे एकच पान वाचतो. एकच. जा ना, मॅडम, जा तुमी. काऊन उभ्या राह्यल्या? तुमी अशा पाह्यत राह्यल्या का मले अक्षर लागत नाई.