भोपळ्याच्या वेलाचं घर

वनमाला : तो नारळ माझ्याकडे दे. सारखा निसटतोय तुझ्या हातून, पाडशील.

दत्ताराम : निसटत नाही. वाळूत चालायची सवय नाही मला.

वनमाला : बसमध्ये कुठं होती वाळू? भांडुपपासून बघतेय मी.

दत्ताराम : वने, पुन्हा सांगतो. आपल्याला मंडळानं पाठवलंय. शाल घालायची, नारळ द्यायचा, गावाच्या वतीनं हात जोडायचे आणि निघायचं. तू तोंड उघडायचं नाहीस.

वनमाला : मंडळानं तुला पाठवलंय, दादा. मी माझी आलेय.

दत्ताराम : अगं, कोण लागतो तो आपल्या गावाचा? वर्सोव्याचा कोळी. रेडिओवर ऐकलं आणि होडी ट्रकवर घालून पुरात आला. आमदाराची गाडी घाट उतरायच्या आधी याची होडी पाण्यात होती. अशा माणसाला जाब विचारतात?

वनमाला : पाया पडेन मी त्याच्या. आधी विचारेन, मग पडेन. शेजारची नंदूची आई समोरच्या माळ्यावर बसून बघत होती. होडी आपल्या छपराला लागली, त्यानं कौलं ठोकली, आणि पुढं गेली. का गेली?

दत्ताराम : आतून ओ आली नाही म्हणून गेली. आणखी काय असणार?

वनमाला : ओ कुठून येणार? आपली आई ठार बहिरी! कानाशी तोफ डागली असती तरी तिनं मान वळवली नसती. तेच सांगणार आहे मी त्याला. बाबा रे, तू ठोकलंस ते तिला ऐकूच गेलं नाही. ती आत बसलेली होती.

दत्ताराम : आणि सांगून काय होणार?

वनमाला : काही होणार नाही. पण त्यालाही ठाऊक असू दे. मी एकटीनं किती दिवस ते उशाशी घेऊन झोपू?

दत्ताराम : एकटीनं? मी कोण आहे मग?

वनमाला : तू बोलतोस कुठं! तिला माळ्यावरून उतरवून आणलीस, जाळलीस, दिवस घातलेस, आणि कांजूरमार्गला जाऊन वॉचमनच्या खुर्चीत बसलास. विचारलं की म्हणतोस, चहा टाक.

दत्ताराम : काय बोलू? पावसाआधी तिला आणायची होती, आणली नाही. हेच ना तुला माझ्या तोंडून ऐकायचंय?

वनमाला : मी असं म्हटलेलं नाही.

दत्ताराम : म्हणायला कशाला पाहिजे! अगं, आणली होती ना गेल्या वर्षी. राहिली का? त्याआधी कानाचं मशीनही घेऊन दिलं होतं. मिलमध्ये होतो तेव्हाचं, संपाच्या आधीचं. डब्यात घालून ठेवलं तिनं. का, तर म्हणे आत पाखरं भांडतात.

वनमाला : पायांनी ऐकायची रे ती. आपण जमिनीवर पाय आपटला की स्वयंपाकघरातून विचारायची, कोण गं, वनू का?

दत्ताराम : तेच तर. आमच्या चाळीत लाकडाचा मजला. वर कुणी पाटा हलवला, खाली कुणी पोराला धोपटलं, की हिला वाटायचं कुणी बोलावतंय. दिवसभर दचकायची. तिसऱ्या दिवशी बोचकं बांधून बसली. दत्तू, म्हणाली, तुझ्या मुंबईत फार आवाज. बहिरी बाई! हसलो होतो आपण.

वनमाला : चल. ते बघ, ओट्यावर कुणी बाई बसलीय. विचार तिला.

दत्ताराम : बाई, धर्मा कोळ्यांचं घर हेच का?

सगुणा : हेच. तुमी पावती-बिवतीवाले नाय ना? सोसायटीचे?

दत्ताराम : नाही, नाही. आम्ही भांडुपहून आलोय. पूर आला त्या गावचे आम्ही. आमचं मुंबईतलं मंडळ आहे, त्यांनी हा शाल-नारळ दिलाय. धर्माभाऊंसाठी.

सगुणा : या, बसा. ते बोंबील जरा बाजूला सारा, वास लागेल लुगड्याला. मी सगुणा, त्याची बायको. पन एक सांगते, त्यो घेनार नाय.

वनमाला : का घेणार नाही?

सगुणा : काय घेतच नाय त्यो! जेवन घेत नाय. परवा मच्छीमारांच्या सभेत हार घातला कुनी, तर काढून तिथंच खुर्चीवर ठेवला नि घरी आला. ती बघा, त्या माडाखाली. दिसते होडी? पालथी. नारली पुनव झाली, सगल्या कोलीवाड्याच्या होड्या गेल्या, आमची पालथी. फटी पडल्यात तिला, कापूस ठोकायचा राहिलाय. त्याचा भाऊ रामनाथ, त्यो बी पुरात गेला होता बरोबर, त्यो आता दुसऱ्याच्या होडीवर जातो. आनि ह्यो तिच्याच आडोशाला बसतो, सकालपासून.

दत्ताराम : आजारी आहेत का?

सगुणा : ताप नाय, खोकला नाय. मधीच कुठं बी टकटक करतो. भिंतीवर, ताटावर, पान्याच्या पिंपावर. टकटक करतो नि मान वाकडी करून कान देतो. सासूबाय बोलल्या, काय लागलंय त्याला, भगत बोलव. बोलवला. कोंबडा घेऊन गेला मेला. टकटक चालूच हाय.

वनमाला : कधीपासून?

सगुणा : गावाहून आला तवापासून. ताई, तुमी तिकडच्या. तुमी बोला त्याच्याशी दोन शब्द चांगले. माझं ऐकत नाय. लोकं वाचवली ना रे तू, बोलते मी, मग? तर बोलतो, तुला काय ठाव. अरे, ऐकलास का? भांडुपची मानसं आल्यात! पुराच्या गावची!

दत्ताराम : वने, ऐकलंस ना? शाल घालू आणि निघू.

वनमाला : ऐकलं.

धर्मा : राम राम. बसा, उठू नका. च्या टाक गं.

दत्ताराम : धर्माभाऊ, आम्ही वावेखोलचे. मी दत्ताराम, ही माझी बहीण वनमाला. तुम्ही आमच्या गावाला जे केलंत त्याची परतफेड नाही. ही आपली एक शाल...

धर्मा : नको भाऊ. ठेवा ती. थंडीत कुना म्हाताऱ्याला घाला.

दत्ताराम : मंडळाला वाईट वाटेल.

धर्मा : मंडलाला बोला, धर्मा घरी नव्हता.

वनमाला : मला एक विचारायचंय तुम्हाला.

दत्ताराम : वने.

वनमाला : खालच्या आळीत नदीकडचं शेवटचं घर. तिथं गेला होतात का तुम्ही?

धर्मा : भोपल्याचा वेल होता छपरावर?

वनमाला : होता.

धर्मा : पिवली फुलं. पानी पार वलचनीच्या वर आलेलं, नि फुलं तशीच, ताजी. त्या घराला गेलो होतो. तुमी त्या घरच्या?

वनमाला : माझी आई होती आत.

सगुणा : अगं बाय माझे.

धर्मा : गावली?

दत्ताराम : पाणी उतरल्यावर. माळ्यावर.

धर्मा : म्हंजे होती. आत होती.

वनमाला : तुम्ही सांगा आधी. काय झालं ते नीट सांगा मला. मी त्यासाठीच आलेय.

धर्मा : सांगतो. गेलो तवा दिवस कलला होता. पाऊस असा का गावाचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं. तुमच्या पोलीस पाटलानं सांगितलं, मानसं माल्यावर चढल्यात, आतून कौलं निघत नाय म्हाताऱ्याकोताऱ्यांना. तुमी भाइरून काढा. पन छपरावर पाय देऊ नका बोलला. वासे भिजल्यात, आत मानसाच्या अंगावर येतील. मग आमी काय करायचं, होडी छपराला लावायची, वल्ह्याच्या दांड्यानं कौलावर ठोकायचं, नि गप ऱ्हायचं. आतून कुनी ठोकलं का कौलं काढायची नि वर घ्यायचं.

वनमाला : पाय नाही दिलात छपरावर.

धर्मा : नाय. कुठंच नाय दिला. का?

वनमाला : काही नाही. सांगा.

धर्मा : एका घरात ठोकलं तर आतून तान्हं रडलं. बालंतीन होती. वर काढली, पोरगं टोपलीत. एका घरात म्हातारा, त्यो बोलला आधी माझी शेली घ्या. घेतली शेली बी. असं करत तुमच्या घराला आलो. ठोकलं. गप ऱ्हायलो. परत ठोकलं. हाका मारल्या रामनाथनं, कोन हाय का आत? काय नाय. होडीत बालंतीन कुडकुडत होती, पानी वढत होतं, अंधार पडत आलेला. रामनाथ बोलला, चल, रिकामं हाय. मी बोललो, अजून एकदा. ठोकलं. काय नाय. गेलो.

दत्ताराम : तुम्ही करायचं ते सगळं केलंत, धर्माभाऊ.

धर्मा : थांबा, झालं नाय माझं. होडी सोडली नि मी मागं बघितलं. तो वेल हलला.

वनमाला : कसा हलला?

धर्मा : फुलं हलली. आतून कौलाला कुनी हात लावावा तशी. रामनाथ बोलला, पान्यानं हलला. असेल बी. पानी लागतच होतं त्याला. पन मी आजवर दर्यात कवा फसलो नाय. पान्यानं हललेलं मला समजतं, मानसानं हललेलं बी समजतं. नि त्या दिवशी मला समजलं नाय. अंधार झाला, परत जाता आलं नाय. राती पानी अजून चढलं. सकाली गेलो तवा छप्परच दिसत नव्हतं.

सगुणा : हे मला बोलला नव्हतास तू.

धर्मा : काय बोलू तुला?

सगुणा : महिना झाला रे! मी भगताला कोंबडा दिला!

धर्मा : ताई, मला एकच सांगा. मी मनाशी बोलतो, आत मानूस जितं असतं तर ठोकलेलं त्यानं ऐकलं असतं. तीनदा ठोकलं. मेलेल्याला ऐकू येत नाय. म्हंजे म्हातारी आधीच गेली असेल, थंडीनं, नायतर भीतीनं. असं बोलतो नि मग वाटतं, मानूस म्हातारं. कान गेलेले असले तर? तुमच्या आईचे कान कसे होते?

(वनमाला मांडीवरच्या नारळाची शेंडी सरळ करत बसते.)

सगुणा : ताई?

दत्ताराम : धर्माभाऊ, आई आमची...

वनमाला : थांब दादा. मला विचारलंय त्यांनी. कान ना? तिखट होते तिचे कान. पडवीत मांजर आलं तरी झोपेतून उठायची. लहानपणी रात्री डब्यातला गूळ काढायची सोय नव्हती आम्हाला.

धर्मा : म्हातारपनी बी?

वनमाला : शेवटपर्यंत.

धर्मा : भाऊ, खरं?

दत्ताराम : गेल्या वर्षी भांडुपला आणली होती तिला. तीन दिवस राहिली. चाळीत फार आवाज म्हणाली, आणि गेली परत.

धर्मा : मग तिनं ऐकलं असतं.

वनमाला : ऐकलं असतं तर ओ दिली असती. अशी तशी नव्हती ती. सगळी आळी गोळा केली असती.

धर्मा : म्हंजे आधीच...

वनमाला : आधीच. तुम्ही यायच्या आधीच.

धर्मा : नि वेल?

वनमाला : पाण्यानं हलला.

सगुणा : ऐकलास? ऐकलास ना आता? डोलं पूस. परक्या मानसांपुढं काय रडतोस मेल्या.

धर्मा : तू बी रडतेस की.

सगुणा : मी चुलीच्या धुरानं. च्या उकलून सांडला वाटतं माझा, बघते.

वनमाला : राहू दे चहा. आम्ही निघतो. हा नारळ ठेवते इथं. तुम्हाला नको असेल तर घेऊ नका, दर्याला द्या. पुनवेला तुमचा राहिला ना द्यायचा?

धर्मा : राह्यला.

वनमाला : मग द्या. आणि होडी सरळ करा ती. लोकांची शेळीसुद्धा वाचवलीत, घरातल्या माणसांना उपाशी ठेवू नका.

सगुणा : ताई, थांबा, हे सुके बोंबील घेऊन जा. नाय बोलू नका. नि परत या. तुमचं माहेर समजून या.

वनमाला : येईन.

दत्ताराम : येतो आम्ही, धर्माभाऊ.

धर्मा : भाऊ, ती शाल... द्या. म्हाताऱ्या आयेला घालतो माझ्या. तिला थंडी वाजते.

दत्ताराम : घ्या. घ्या ना. तिच्यासाठीच आणली समजा.

सगुणा : सांभालून जा. तिकडं वाटेत दोर वालत घातल्यात, पाय अडकेल.

दत्ताराम : वने, जरा हळू चाल. कुणी पाठीस लागलंय का?

वनमाला : बस चुकेल.

दत्ताराम : दुसरी येईल. अगं, मी सांगणार होतो त्याला. तोंडाशी आलं होतं माझ्या.

वनमाला : ठाऊक आहे. म्हणून तर थांबवलं तुला.

दत्ताराम : आणि तू? भांडुपपासून घोकत आली होतीस.

वनमाला : नको विचारू मला.

दत्ताराम : पाय दिला असता ना गं छपरावर, तर आईला कळलं असतं. एक पाय टाकला असता नुसता.

वनमाला : दादा, ते आता आपलं आपल्याकडे ठेवायचं. तुझ्या बायकोलासुद्धा सांगायचं नाही. नंदूच्या आईला म्हणावं, कोळी नव्हते घरी.

दत्ताराम : बरं.

वनमाला : मी येत जाईन तुझ्याकडे दुपारची. चहा टाक म्हणू नकोस. नुसता बस माझ्याजवळ.

दत्ताराम : ये. आता का थांबलीस? बस दिसतेय तिकडं.

वनमाला : ठोकतोय तो.

दत्ताराम : होडीत कापूस ठोकत असेल. फटी बुजवायला. नाही का म्हणाली ती?

वनमाला : कळतंय रे. मला ऐकू येतं.