दारूच्या पेल्यातलं पाणी

प्लोव्दिव शहरातल्या किडनीच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

"स्तामेन, हा दारूचा इवलासा पेला खिशात कशाला आणलास?"

"पाणी प्यायला. डायलिसिसवर होतो तेव्हा सहा वर्षं याच पेल्याने मोजून दिलंस ना तू?"

"तेव्हा तुला लघवीचा थेंब होत नव्हता. आता तुझ्या बहिणीची किडनी बसवून महिना झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, दिवसाला तीन लिटर पी."

"धीर होत नाही, पेन्का. ऑपरेशनला निघालो तेव्हा तुझ्या आईने प्रवास सुखाचा होऊ दे म्हणून माझ्यामागे बादलीभर पाणी ओतलं. मी त्या ओल्या पायरीकडे नुसता बघत राहिलो."

"माहितीये. टॅक्सीत बसेपर्यंत ओठ चाटत होतास."

"सहा वर्षांत कलिंगडाची एक फोड दिली नाहीस."

"दिली असती तर आज भांडायला उरला असतास का? ही बाटली घे. सरळ तोंडाला लाव."

बराच वेळ घटाघटा आवाज येत राहिला.

"संपली. आता जरा सरक, मला जायचंय."

"आत्ता? आपला नंबर येईल की."

"येऊ दे."

पावलं लांब गेली, तेवढ्यात नर्सने स्तामेनचं नाव पुकारलं.

"थांबा थोडं," पेन्का अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मुतायला गेलाय."

समोर डायलिसिससाठी थांबलेल्या बाईने मान वर केली.

"लघवी आपोआप होते त्यांना?"

"आपोआप."