मागे बसलेल्या एकाचीही तक्रार नाही

...आणि वर मलाच विचारतात, गाडी घेताना नीट बघितली नव्हतीस का? बघितली नव्हती? अहो, तुम्हाला सांगतो, किसुमूच्या त्या बाजारात चिखलात आडवा पडून मी चासी नखानं खरवडली, स्प्रिंगचे पाटे ठोकून बघितले, बॉनेट उघडून तेलाचा वास घेतला, चढावर नेली, उतारावर सोडली, आणि तो विकणारा सिमियू दात कोरत माझ्या मागून हिंडतोय नि म्हणतोय, "बॉस, कपडे कशाला मळवता? मागे बसलेल्या एकानंही आजवर तक्रार केलेली नाही." मला वाटलं, मजूर नेत असेल. मी हात मिळवून मोकळा!

आता पिकअप मला हवी कशाला? घरासाठी हो! आमच्यात बापाच्या अंगणातून निघून स्वतःचं दाला, स्वतःचं घरअंगण, मांडायचं म्हणजे पोरखेळ नाही. सकाळी काका कोंबडा घेऊन पुढे, थोरला मुलगा कुऱ्हाड घेऊन, बायको विस्तव घेऊन, आणि सूर्य बुडायच्या आत घर उभं. पत्र्याचं का होईना, पण छप्पर चढलं पाहिजे. आधी खिळासुद्धा नेऊन ठेवायचा नाही. नाही चढलं तर मुहूर्त मोडला. आणि मी मांडल्याशिवाय धाकट्या भावाला, ओकुमूला, मांडता येत नाही, तो बिचारा बायकापोरांसकट अजून बापाच्या फाटकाशेजारच्या खोपटात, आणि त्याची बायको येताजाता माझ्याकडं अशी बघते की भाकर घशात अडकावी... ओगुतु काका तर सरळच म्हणाला, "ओबुया, माझे गुडघे पुढच्या वर्षी चालतीलच असं नाही." म्हणून म्हटलं गाडी भरवशाची हवी. त्या दिवशी बंद पडायला नको, बस!

बंद पडली नाही हो, तेच तर सांगतोय! डांब, वासे, पत्रे भरले, वर ताडपत्री. वासे मागे बाहेर आलेले, नाहीतर पोलीस धरतो म्हणून टोकाला लाल फडकं बांधलं. आता मढं नेणाऱ्या गाडीलाही आमच्याकडं लाल फडकंच असतं, पण मी आपल्याच तोऱ्यात, मला काय सुचणार? बोंडोच्या बाजारात आलो नि वाजवला हॉर्न. काय हॉर्न तो! लांबलचक, गहिवरलेला. त्या हॉर्नवरच तर मी भाळलो होतो...

आणि सगळा बाजार उभा राहिला. टोप्या उतरल्या. मासेवाली रोझलिडा, तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले नि असा हंबरडा फोडला की माझा पाय ब्रेकवरच गेला. मागे बघतो तर मोटरसायकली, एकेकीवर तिघे, सगळे रडतायत! मला वाटलं, अरे, कोण गेलं? मीसुद्धा टोपी काढली! दोन अश्रूही ढाळले, खोटं कशाला सांगू.

आमच्या जमिनीच्या हद्दीवर काका कोंबडा धरून उभा. त्यानं गाडी बघितली नि त्याचा चेहरा उतरला. "ही कुठून आणलीस?"

"किसुमूहून."

"हिच्यातूनच तुझ्या आत्याला शवागारातून घरी आणलं. तळ्याकाठची सगळी मढी हिच्यातून गेली." कोंबडासुद्धा गप्प झाला हो! आणि माझ्या डोळ्यांपुढे सिमियू, दात कोरतोय... मागे बसलेल्या एकानंही आजवर तक्रार केलेली नाही! करणार कशी?

काका म्हणाला, या गाडीचं चाक हद्दीच्या आत येणार नाही. घराची जागा कुठे, तर पार खाली, तळ्याच्या उतारावर. ऊन चढलेलं, गवंडी नि दोन सुतार माझं तोंड बघतायत, ओकुमूच्या बायकोनं तर डोळेच पुसले. संपलं म्हटलं सगळं.

तेवढ्यात बाजार येऊन धडकला. "कोण गेलं?" मी म्हटलं, कुणी नाही. रोझलिडा कमरेवर हात ठेवून पुढे आली. "मासे उन्हात टाकून आले, घसा बसेपर्यंत रडले, आणि कुणी मेलं नाही म्हणतोस? लाज नाही वाटत?"

आता मी कुणाला मारून दाखवू?

पण काका ओगुतु, वस्ताद माणूस! म्हणाला, रडायला आलेलं माणूस आमच्या घरून उपाशी जात नाही, मक्याची उगाली रटरटतेय, पण आलाच आहात तर हात रिकामे कशाला? आणि तुम्हाला सांगतो, अख्खा बाजार डोक्यावर वासे नि पत्रे घेऊन उतारावरून निघाला, रोझलिडा पुढे, रडायच्याच चालीवर सगळे ठेका धरून. सूर्य तळ्याला टेकायच्या आत शेवटचा पत्रा ठोकला. ओकुमूची बायको मला बघून पहिल्यांदा हसली. मला रडूच आलं, या वेळी खरं.

घर झालं. पण गाडी? बायको तिच्यात पाय ठेवत नाही. आणि दर शुक्रवारी, मढी घरी आणायच्या दिवशी, कुणीतरी टोपी हातात घेऊन दारात, "ओबुया, गाडी मोकळी आहे का?" शेवटी म्हटलं, विकून टाकू.

काल एक जण आला, पार किसी गावाकडून. घर बांधायला काढलंय म्हणाला. चिखलात आडवा पडला, नखानं चासी खरवडायला लागला... बघवेना हो मला. मग उठून विचारतो, "मालक, गाडी भरवशाची आहे ना?"

आता खोटं तर बोलायचं नाही. म्हटलं, "कपडे मळवू नकोस, बाबा. मागे बसलेल्या एकानंही आजवर तक्रार केलेली नाही."