गळ्यातला दोरा

(घाटनांदूर. दिवेलागण. गंगासागर घरी आहे. तिचा नवरा विरुपाक्ष हा मुलगा राजू, सून आणि नात रुचिका यांच्यासोबत अंदमानला गेला आहे. दोघं फोनवर.)

गंगासागर : पोट बिघडलं म्हणून मला सांगू नका. राजूनं तेच सांगितलं, मी ऐकून घेतलं. सकाळपासून कावून जेवले न्हाईत?

विरुपाक्ष : हळू बोल. सगळे बाहेरच बसलेत.

गंगासागर : हळूच बोलायले. सांगा.

विरुपाक्ष : लिंग गेलं.

गंगासागर : काय गेलं?

विरुपाक्ष : गळ्यातलं इष्टलिंग. चांदीच्या डबीसकट. समुद्रात.

गंगासागर : काय बोलायलात तुमी! दीक्षा घेतल्यापासून आंघोळीला बी काढलं न्हाई कधी.

विरुपाक्ष : नाववाला म्हणला होता, बाबा, गळ्यातलं काढून ठेवा. मी म्हणलं, हे निघत नसतं.

गंगासागर : बरोबर म्हणलात. पण या वयात तोंडात नळी धरून, पालथं पडून मासे बघायची हौस कुणाला आलती? राजूलाच ना? त्यानं सोताचं तर लग्नानंतर कपाटात ठेवून दिलंय.

विरुपाक्ष : राजूला मधी आणू नको. दोरा तुटला.

गंगासागर : दोरा मी नवा ओवला हाय, तुमी निघायच्या आदी. तो आपोआप तुटत न्हाई.

विरुपाक्ष : जाऊ दे ना.

गंगासागर : जाऊ कसं देऊ?

विरुपाक्ष : रुचिकाच्या चष्म्यात पाणी शिरलं. नळीतून बी प्याली. घाबरून माझ्या गळ्याला लटकली. दोरा तिच्या मुठीत आला.

गंगासागर : आन तुमी बघत ऱ्हायलात?

विरुपाक्ष : दोन्ही हातांनी तिला वर धरलं होतं मी. डबी खाली जाताना दिसत होती गं. पाणी लई नितळ. लई वेळ दिसली. एक हात सोडला असता तर घावली असती.

गंगासागर : आता मी काय म्हणते ते ऐका. लिंगाबिगर आपल्या घरात कुणी अन्नाला शिवत न्हाई. परवा येतावच तुमी. तोवर पाण्यावर ऱ्हावा. मी उद्या मठात जाते, स्वामींना सांगून ठेवते. आल्याबरोबर नवं घेऊ.

विरुपाक्ष : मी ऱ्हाईन. माझं काय न्हाई. पण पोरगी सारखी बघायली माझ्याकडं. तिला कळता कामा न्हाई.

गंगासागर : कळू द्या की. आपल्या घरात काय असतं, ते तिला बी कळाय पायजे.

विरुपाक्ष : एवढ्याशा जिवाला? जन्मभर डोक्यात ठेवंल ती. ... आली बघ. घे, आजीशी बोल.

रुचिका : आजी, मी पण जेवणार नाहीये.

गंगासागर : तू कावून गं?

रुचिका : मम्मी म्हणते आजोबांचं पोट बिघडलंय. पण त्यांच्या गळ्यात डबी नाहीये. सकाळी होती.

गंगासागर : आसंल कुठं ठेवलेली.

रुचिका : मी त्यांना धरलं ना, तेव्हा माझ्या हातात काहीतरी आलं होतं. मला शेवाळ वाटलं. मी सोडून दिलं, आजी.

गंगासागर : रडू नको.

रुचिका : माझ्यामुळे गेली का?

गंगासागर : आजोबाला फोन दे.

विरुपाक्ष : हां, बोल.

गंगासागर : जेवून घ्या.

विरुपाक्ष : काय म्हणलीस?

गंगासागर : तिच्यासमोर बसा आन जेवा. पोटभर न्हाई तर न्हाई, पण तिला दिसलं पायजे. स्वामींना काय सांगायचं ते मी सांगते.

विरुपाक्ष : अगं, आजवर कधी...

गंगासागर : माहीत हाय मला. फोन तिच्यापाशी द्या आन तुमी भाताला हात लावा.

रुचिका : आजी, आजोबा बसले जेवायला.

गंगासागर : खायलेत का?

रुचिका : हो. वरणभात. पण डावा हात मांडीवर उघडा धरलाय. पूजेला बसल्यावर त्यावर लिंग ठेवून धरतात तसा. त्यात काहीच नाहीये.

गंगासागर : असू दे. तू तुझं ताट घे.